सातवे कुंड

अंधारात एकट्याने चालणाऱ्याच्या जो एक पाऊल पुढे असतो आणि थकून बसलेल्याच्या पाठीशी जो उभा असतो, ज्याला हाक मारायला आवाज लागत नाही, त्या कृपावंताला आधी नमस्कार. जिभेवर त्याचे नाव असले म्हणजे रात्रीची गोष्ट सांगणाऱ्यालाही भय नाही आणि ऐकणाऱ्यालाही नाही.

सरकून बसा बाळांनो. तो कोपऱ्यातला, तुलाही म्हणतो आहे. पांघरूण डोक्यावरून घेतलेस तर गोष्ट आत शिरायची कुठून? दिवा राहू दे तेवढा. ही गोष्ट या कानाची त्या कानाला जाऊन फुगलेली नव्हे. जिच्यावर ती गुदरली ती असामी माझ्या ओळखीची, माझ्या शेजारी बसून बोललेली. आणि खोटे बोलण्याइतकी त्या माणसाची जीभ कधी चपळ नव्हती.

तो कुलपांचा कारागीर. चौकाच्या कडेला त्याचे दुकान होते. आत दोघे उभे राहिले तर तिसऱ्याने बाहेरच थांबावे, एवढेसे. भिंतभर किल्ल्यांचे घड लटकलेले. मुले त्याला किल्लीकाका म्हणत. कुणी गिऱ्हाइकाने विचारावे, "काका, हे चोराला उघडेल का हो?" तर हा कानस घासता घासता म्हणे, "चोराला उघडेल. तुम्हाला नाही उघडणार, किल्ली हरवलीत तर. कुलूप सज्जनांसाठीच असतं."

त्याला एकुलती एक लेक. तिचा आवाज असा की तिने जिन्यातून हाक मारली तर गल्लीच्या टोकाशी झोपलेले कुत्रे उठून उभे राहावे. म्हणून सवंगड्यांनी तिचे नाव ठेवले होते भोंगा. तिला त्याचा राग नव्हता. ती म्हणे, "भोंगा आहे म्हणून मागच्या माणसाला ऐकू जातं. तुमचं तुम्हालाच ऐकू येतं."

हे मागच्या माणसाचे प्रकरण काय, ते सांगतो. त्या गावाचा जुना भाग मोठा होता. वाकड्या गल्ल्या, झिजलेल्या पायऱ्या, दगडी कमानी. बाहेरगावचे लोक ते पाहायला येत, भिंतीपाशी उभे राहून फोटो काढत आणि भिंत कुणाची हे कळण्याआधीच परत जात. वाचनालयाच्या बाईंना हे फार लागे. त्यांनी वाचनालयात येणारी मुले एकत्र केली आणि सांगितले, "आपल्या गल्ल्या आपण दाखवायच्या." प्रत्येक मुलाला एकेक थांबा नेमून दिला. कुणाला कमान, कुणाला पूल, कुणाला जुना दवाखाना. त्या जागेपाशी जे सर्वांत म्हातारे माणूस राहत असेल त्याच्याकडे मुलाने जायचे, ऐकायचे, पुन्हा ऐकायचे आणि गोष्ट मुखोद्गत करायची. लिहून घ्यायला बाईंची सक्त मनाई. त्या म्हणत, "कागद घरी विसरतो. पाठ केलेलं अंगावरच्या तिळासारखं असतं, जाल तिथे बरोबर."

पाहुण्यांचा घोळका एका थांब्यावरून दुसऱ्यावर जाई, मूल मात्र आपल्या जागीच उभे राही आणि पुढच्या घोळक्याची वाट पाही. थांबा उघडा टाकून जायचे नाही, हा त्यांचा सर्वांत कडक नियम. कुणाला जागा बदलायची असेल, कुणी गाव सोडणार असेल, तर बदली येणाऱ्याने जुन्या मुलासमोर उभे राहून सबंध गोष्ट सांगायची. एक जरी चूक झाली तरी पुन्हा पहिल्यापासून. सगळी बिनचूक झाली की जुन्याने म्हणायचे, "थांबा तुझा." तेव्हा तो मोकळा. तोवर त्याने जागा सोडायची नाही. मुले हा नियम अशा निष्ठेने पाळत की मोठ्यांना हसू यावे. दवाखान्यावरच्या मुलाची एकदा दाढ सुजली. पठ्ठ्याने गालाला फडके बांधून दवाखान्याची महती गायली, आणि पाहुण्यांना वाटले की हे सोंग मुद्दाम आणलेले आहे.

भोंग्याच्या वाट्याला रंगशाळा आली. गल्लीच्या शेवटी असलेली, कापड रंगवण्याची जुनी दगडी वास्तू. तिथला व्यवसाय कधीच बुडालेला. तिची कथा ठाऊक असणारी एकच व्यक्ती मागे उरली होती, शेवटच्या रंगाऱ्याची लेक. पाठीतून वाकलेली एक आजी. भोंगा महिनाभर तिच्या पायाशी जाऊन बसली आणि मग दर रविवारी रंगशाळेत उभी राहू लागली.

बापाने मात्र ती कथा कधी ऐकली नाही. रविवारी दुकानात गर्दी. लेक दारातून विचारी, "बाबा, आज येतोस?"

"पुढच्या रविवारी. नक्की."

"तू ना, पुढच्या रविवारला कुलूप लावून ठेवलंयस आणि किल्ली हरवलीयस."

तो हसे. तीही हसे आणि पळून जाई.

मग एका हिवाळ्याच्या तोंडाशी ती आजी गेली. आणि तिच्या पाठोपाठ पोरीला ताप आला. साधा म्हणता म्हणता तो डोक्यात चढला. त्या तापात ती एकच विचारीत राहिली.

"बाबा, माझ्या थांब्यावर कोण आहे?"

"आहे गं कुणीतरी. झोप तू."

"त्याने गोष्ट म्हणून दाखवली?"

"दाखवली."

"कुणाला? मी तर इथे आहे."

बापाने तिच्या कपाळावरची पट्टी बदलली. पोर छताकडे पाहत राहिली, एखादे काम घरी विसरून आलेल्या माणसासारखी. पहाटे ती गेली. देवाने दिलेले देवानेच नेले, असे आपण म्हणतो बाळांनो, आणि ते खरेही आहे. पण ज्याच्या हातून नेले त्याच्या हाताला ते कसे पटावे?

पुढे रंगशाळेवर उभे राहायला कुणी मूल तयार होईना. बाईंनी ती कथा एकदा ऐकली होती, पण त्या स्वतःच म्हणाल्या, "मला सांगाडा आठवतो, गोष्ट आठवत नाही. आणि अर्धी गोष्ट सांगायची नाही, हा नियम माझाच." तो थांबा फेरीतून गळला. पाहुणे दारावरून पुढे जाऊ लागले. बापाला ते दुकानातून दिसत नसे, पण प्रत्येक रविवारी, त्या घटकेला, त्याच्या हातातली कानस थांबे. लेक गेली ती गेलीच. आता तिने जे एवढ्या आवडीने जपले तेही गेले, आणि आपण ते एकदासुद्धा ऐकले नाही, हा काटा त्याच्या काळजात रुतून बसला.

असे वर्ष होत आले. एका शनिवारी बाई दुकानात आल्या. बराच वेळ त्या भिंतीवरच्या किल्ल्या पाहत राहिल्या.

"रंगशाळेचं दार नीट बसत नाही हो. पाहुणे आत डोकावतात. एक चांगलं कुलूप लावायला हवं. मी दुसऱ्या कुणाला सांगणार होते, पण..."

"दुसऱ्याला कशाला? माझ्या गल्लीतल्या दाराला परक्याचं कुलूप?"

"उद्या सकाळी फेरी आहे."

"मग आज लावतो."

आज लावतो म्हणाला खरा, पण दिवसभर त्याचे पाऊल तिकडे वळले नाही. एका किल्लीला वेळ लागला, मग दुसरीला. दिवस मावळला. दुकान बंद झाले. जेवण झाले. तेव्हा तो पिशवीत पेचकस, कडी-कोयंडा आणि नवे कुलूप भरू लागला.

बायको म्हणाली, "आता? पहाटे जा की."

"पहाटे लोक असतात."

ती फक्त म्हणाली, "मफलर घ्या."

"अगं, दहा मिनिटांचं काम आहे."

"तुमची दहा मिनिटं मला माहीत आहेत."

कुठले दार, ते त्याने सांगितले नाही आणि तिने विचारले नाही. त्या घरात त्या दिवसांत असेच चाले. दोघे एकमेकांच्या दुःखाला ओलांडून जात, झोपलेल्या माणसाला ओलांडावे तसे.

ती रात्र अमावास्येची. थंडीचे दिवस. दहाचा सुमार. आकाश स्वच्छ होते, पण चांदण्यांचा उजेड गल्लीच्या तळापर्यंत उतरत नव्हता. रस्त्यावरचा शेवटचा दिवा रंगशाळेच्या अलीकडेच संपे. त्यापुढे आपली बॅटरी हाच आधार. घरांची दारे लागलेली. कुठेतरी टीव्हीचा आवाज, कुणाच्या तरी घरी भांडी विसळल्याचा. त्याने पिशवी उंबऱ्यावर ठेवली, बॅटरी दातांत धरली आणि कोयंड्याची जागा मापू लागला. लाकूड जुने, पण घट्ट होते. पहिला पेच चढला. दुसरा चढला.

तिसरा पेच अर्ध्यावर असताना त्याला आतून आवाज आला.

"या. सावकाश या. पायरी घसरडी आहे."

त्याचा हात जागच्या जागी राहिला. कुणा पोराची थट्टा असेल, असे त्याने मनाला सांगितले. मनाने ऐकले नाही. मन तो आवाज ओळखत होते. फक्त तो आता भोंगा नव्हता. घोगरा झाला होता. घसा पार कोरडा पडलेल्या माणसाचा असतो तसा.

त्याने दार ढकलले. ते आवाज न करता उघडले.

आत काळोख. दगडाचा गारवा. बॅटरीचा झोत समोर गेला... खांब... भिंत... रिकामी कुंडे...

"बत्ती खाली धरा. डोळ्यांवर येते."

पाहुण्यांना सांगावे तसे. नम्रपणे. त्याने बॅटरी खाली केली. फरशीवर उजेडाचे एक वर्तुळ पडले. त्या वर्तुळाच्या कडेला, अगदी कडेला, दोन लहान पावले होती. जोडून उभी. घोट्यांच्या वर अंधार.

त्याने बॅटरी वर केली नाही. का केली नाही, असे मी त्याला विचारले होते. तो म्हणाला, "वर केली असती आणि तिथे काही नसतं तर?"

आवाज सुरू झाला.

"ही रंगशाळा. इथे जमिनीत सात कुंडं आहेत. सहा मोठी, ती तुम्हाला दिसतायत. सातवं लहान आहे, त्या खांबामागे. ते लोकांच्या लक्षात राहत नाही. घरातल्या मुलांचे हात पोचावेत म्हणून ते केलं होतं. मुलं तिथे निळा रंग करायला शिकायची. एका वर्षी गावात साथ आली. विहिरींचं पाणी बिघडलं. तेव्हा इथल्या रंगाऱ्याने वर्षभराचा रंग एका रात्रीत ओतून दिला. घरच्या सगळ्यांनी मिळून कुंडं घासली, आणि लांबच्या झऱ्याचं पाणी आणून भरली. मोठी माणसं सहा कुंडांतलं पाणी न्यायची. आजारी मुलांसाठी सातव्या कुंडातलं. ते रंगाऱ्याची मुलगी वाटायची. कितीही घासलं तरी थोडी निळाई राहिलीच. पिणाऱ्याचे ओठ निळे व्हायचे. लोक म्हणायचे, ओठ निळे, तो वाचला. रंगाऱ्याचा धंदा पुन्हा काही उभा राहिला नाही. पण या गल्लीतल्या प्रत्येक चौकटीला निळा पट्टा आहे. जाताना बघा."

"कुणाला काही विचारायचंय?"

त्याला विचारायचे होते. एक नाही, हजार. दुखलं का गं? एकटी होतीस का? माझा राग आला का? ओठ हलले. शब्द फुटला नाही. फुटला असता आणि ही विझली असती तर...

कुणी विचारत नाही, असे पाहून आवाजाने श्वास घेतला. आणि...

"या. सावकाश या. पायरी घसरडी आहे."

पुन्हा तेच. पहिल्यापासून. सात कुंडं. सातवं लहान. साथ. झरा. निळे ओठ. 'झऱ्याचं' म्हणताना आवाज चिरकला. पुन्हा सुरू झाली तेव्हाही तिथेच चिरकला. आज तो होता. गेले वर्षभर कुणी नव्हते. पाहुणे दारावरून पुढे जात होते आणि ही आत...

तेव्हा बापाला उमगले.

तिची बदली आली नव्हती.

थांबा उघडा टाकून जायचे नाही. तापाने जळतानाही तिने तेच विचारले होते आणि त्याने तिला खोटे सांगितले होते. ते तिला पटले नव्हते. म्हणून ती इथे उभी होती. देवाच्या दारी पोचलेले लेकरूसुद्धा म्हणाले असेल, जरा थांबा, माझ्या जागेवर कुणी नाही, मी आलेच.

तो पुढे झाला. वर्तुळाच्या अलीकडच्या कडेला, त्या दोन पावलांसमोर, तो उभा राहिला.

"मी सांगतो," तो म्हणाला.

आवाज थांबला.

"सांगा."

त्याने सुरुवात केली. "ही रंगशाळा. इथे जमिनीत..." आणि तिथेच त्याच्या ध्यानात आले की ही कथा आपण नीट सांगितली तर ती संपेल. आणि कथा संपली की ही जाईल. कुलपात किल्ली फिरवावी तसे आहे हे. उघडले की उघडले.

"इथे जमिनीत सहा कुंडं आहेत," तो म्हणाला.

"सात. सातवं लहान आहे. ते लोकांच्या लक्षात राहत नाही. पुन्हा पहिल्यापासून."

"ही रंगशाळा. इथे जमिनीत सहा कुंडं..."

"सात. पुन्हा पहिल्यापासून."

असे किती वेळा झाले, त्याने मोजले नाही. दरवेळी ती तेच सांगे, तितक्याच धीराने, आणि तो दरवेळी तेच चुके. तेवढेच तिचे बोलणे. तेवढीच ती. बाहेर रात्र पुढे सरकत होती. तो रडत होता आणि चुकत होता, आणि चुकता चुकता त्याला बरे वाटत होते. पण तो घसा... दर वेळी आणखी कोरडा. शब्द आता एकेक करून येत होते. मध्ये अंतर पडत होते.

"...सहा कुंडं आहेत."

उत्तर आले नाही. मग, हलकेच, पाहुण्यांशी नव्हे, घरी बोलायची त्या सुरात:

"बाबा, तू मुद्दाम करतोयस ना?"

त्याने मफलर तोंडावर दाबून धरला.

"मी दमलेय रे."

बाळांनो, देवळात उभे राहून 'तुझे तुला अर्पण' म्हणणे सोपे आहे. मूठ उघडावी लागते तेव्हा कळते, बोटे किती जड असतात.

त्याने मफलरच्या टोकाने तोंड पुसले. आणि सांगितले.

"ही रंगशाळा. इथे जमिनीत सात कुंडं आहेत. सहा मोठी. सातवं लहान..."

सगळी सांगितली. साथ सांगितली. रंग ओतून दिला, ते सांगितले. झरा सांगितला, तिथे त्याचाही आवाज चिरकला, पण शब्द चुकला नाही. आजारी मुलांना पाणी वाटणारी ती रंगाऱ्याची मुलगी सांगितली. निळे ओठ. निळे पट्टे. शेवटच्या वाक्यापाशी तो थांबला. एवढे एकच वाक्य उरले होते. त्याने ते हळू म्हटले, जितके हळू म्हणता येईल तितके.

"जाताना... बघा."

...

"बरोबर," ती म्हणाली.

...

"थांबा तुझा, बाबा."

त्याने खाली पाहिले. उजेडाचे वर्तुळ होते. फरशी होती.

तो तसाच उभा राहिला. बॅटरी पिवळी पडत विझली, तरी उभा होता. मग चाचपडत बाहेर आला. कुलूप न लावताच त्याने ते पिशवीत टाकले. दार नुसते ओढून घेतले. घरी पोचला तेव्हा बायको जागीच होती. त्याच्या चेहऱ्याकडे तिने एकदा पाहिले, पांघरूण पुढे केले आणि दिवा मालवला.

पहाटे बायको उठायच्या आधी तो वाचनालयाच्या बाईंच्या दारात जाऊन उभा राहिला. बाई डोळे चोळत बाहेर आल्या.

"लागलं का कुलूप?"

"नाही लावलं. बाई, ऐका." आणि त्याने उभ्या उभ्या सबंध कथा म्हणून दाखवली, एक शब्द न चुकता.

बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. त्यांना नवल वाटले नाही, याचेच त्याला नवल वाटले. काही वेळाने त्या म्हणाल्या, "मागच्या फेरीत एका पाहुणीने मला विचारलं होतं. त्या बंद दारामागे मुलगी इतकं छान सांगत होती, मग तुम्ही आम्हाला थांबू का दिलं नाहीत? मी घाबरले. म्हणून तुम्हाला कुलूप सांगितलं. माझी अक्कल तेवढीच."

"नाही बाई. तुम्ही सांगितलंत म्हणून गेलो."

त्या रविवारी दुकान उघडले नाही. रंगशाळेचे दार मात्र सताड उघडे होते. खांबामागच्या लहानग्या कुंडापाशी मफलर गुंडाळलेला एक जाडजूड माणूस उभा होता आणि पाहुण्यांना सांगत होता, "या. सावकाश या. पायरी घसरडी आहे." फेरीतली मुले आपापल्या थांब्यांवरून माना वळवून पाहत होती. फेरी संपल्यावर कमानीवरची एक धिटुकली मुलगी जवळ आली आणि म्हणाली, "किल्लीकाका, तुमचा आवाज मागे पोचत नाही. मी शिकले तर चालेल?"

"चालेल. पण चुकलीस तर पुन्हा पहिल्यापासून हं."

दुपारी तो घरी आला. वाटले होते की आता बायकोला सारे सांगावे. ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. चूल थंड. सकाळपासून ती तिथून हलली नसावी.

"रात्री तुम्ही पाणी प्यायलात?" तिने विचारले.

"नाही."

तिने नुसती मान वळवून दाखवले. पाण्याच्या माठाशेजारी, ओट्याच्या कडेला, एक लहान पेला होता. लेकीचा. ती गेल्यावर आईने तो तिच्या कपड्यांत गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवला होता. पेटीला कुलूप होते. किल्ली आईच्या कमरेला होती. तो पेटीपाशी गेला. कुलूप जसेच्या तसे. त्याने स्वतः केलेले. ओढून पाहिले, हलले नाही.

पेल्यात घोटभर पाणी उरले होते.

"कधी पूर्ण प्यायची नाही," आई म्हणाली. "किती ओरडले असेन मी तिला. एक घोट ठेवायचीच."

त्याने पेला उचलला नाही. तिनेही नाही. दोघे त्याच्या समोर बसून राहिले, संध्याकाळ होईपर्यंत.

तो पेला पेटीतून बाहेर कसा आला, हे ना त्याला कळले, ना मला. जाणता तो एकच; त्याचे त्याला ठाऊक.

आता उठा. तो सर्वसाक्षी तुमच्या वाटेवर उजेड ठेवो आणि घरी वाट पाहणाऱ्यांच्या डोळ्यांना धीर देवो. कुणाचेही लेकरू कुठे अडून न राहो, कुणाची हाक ऐकणाऱ्यावाचून न जावो. ज्यांची माणसे पुढे गेली, त्यांच्या घरी त्यांच्या आठवणींना जागा मिळो. आणि इथे बसलेल्या प्रत्येकाच्या घरात, तहानेल्यासाठी, रात्रीही पाणी भरलेले असो.